गुंडीनं काय खाल्लं?

दाराची घंटा सलग वाजायला लागली, तेव्हा वहिनी चष्मा शोधत होत्या आणि तो त्यांच्याच डोक्यावर आहे हे भाऊजी मुद्दाम सांगत नव्हते.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्याआधी वीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात काढली होती. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवत, वहीत नोंदी करत आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत. यात त्यांनी आजवर कधी कसूर केली नव्हती.

दारात साठीच्या एक उंच बाई उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं मांजर होतं.

"माझ्या मांजरीला विष घातलंय," बाई म्हणाल्या. "कुणी घातलं तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा शोधा."

वहिनींनी बाईंकडे पाहिलंच नाही. त्या मांजरीकडे पाहत होत्या. पांढरी, पाठीवर एकच काळा गोल ठिपका. कान फडफडत होते, चारही पाय झटक्यानं ताठ होत होते आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

बाईंनी मीठ मागितलं. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू, नाहीतर दूध तरी देऊ, असं त्यांचं चाललं होतं.

"काहीही पाजायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "झटके येताना तोंडात ओतलेलं पोटात जात नाही, छातीत जातं. भाऊजी, हिला तुम्ही घ्या आणि खाली चला. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना कळवते, म्हणजे त्या तयारीत राहतील."

भाऊजींनी मांजरीला हनुवटीखाली घट्ट धरलं आणि तीन मजले उतरले. उतरताना ते तिच्याशी काहीबाही बोलत होते. प्राणी आपल्याला आवडत नाहीत, असं ते एरवी सगळ्यांना सांगत असत.

गाडीत बाईंची हकीकत कळली. त्या एका नाट्यगृहातल्या शिवणघराच्या प्रमुख. तीस वर्षं तिथल्या सगळ्या नाटकांचे पोशाख त्यांच्या हाताखालून गेलेले. मुख्य नटापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. मांजरीचं नाव गुंडी. सहा वर्षांपूर्वी चिंध्यांच्या टोपलीत सापडलेली, आणि नवरा गेल्यापासून मावशी मोकळेपणानं बोलत त्या फक्त तिच्याशीच. रात्री ती शिवणघरातच राहायची, बाहेरून कुलूप.

"सकाळी नेमकं काय काय झालं, क्रमानं सांगा," वहिनी म्हणाल्या.

"सातला कुलूप काढलं. ही दाराशी आली, पण पाय झटकत होती, ओल्या फरशीवर चालल्यासारखी. मला वाटलं, लाडात आलीय. मी टेबलावरचा पसारा उचलला, सगळं जागच्या जागी लावलं. आठ वाजता बघते तर लाळ गळतेय."

"आणि माझ्याकडे आलात साडेनऊला."

"मधे व्यवस्थापकाला गाठलं. गेल्या आठवड्यात त्यानं रंगमंचाखाली उंदराचं विष टाकलंय. सगळ्यांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की जन्मात विसरणार नाही."

वहिनींनी आरशातून मागे पाहिलं. मावशी दोन्ही हात कोपरापर्यंत चोळत होत्या. संतापानं मुंग्या आल्यात, थांबतच नाहीत, असं म्हणाल्या.

डॉक्टर हातमोजे घालून दारातच उभ्या होत्या. त्यांनी गुंडीला आत नेलं, सुई दिली आणि पाऊण तासानं बाहेर आल्या. झटके थांबले होते.

"हे तात्पुरतं आहे," त्या म्हणाल्या. "औषध उतरलं की पुन्हा सुरू होणार. उंदराचं विष, माणसांच्या गोळ्या, कुंडीतलं एखादं झाड, प्रत्येकाचा इलाज वेगळा. तिनं काय खाल्लं ते मला सांगा. दुपारपर्यंत ती तग धरेल. पुढचं सांगता येत नाही."

"ओकारी?" वहिनींनी विचारलं.

"एकदाही नाही."

मावशी तिथेच बाकावर बसल्या. ही गेली तर मी त्या शिवणघराची पायरी चढणार नाही, असं त्या कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाल्या. वहिनींना त्यांची दया आली आणि थोडा रागही आला.

नाट्यगृहाला आठवड्याची सुट्टी होती. व्यवस्थापक आपल्या खोलीत विषाचं पाकीट टेबलावर मांडूनच बसले होते. बुटके, टापटीप, आणि अपमानानं कानांपर्यंत लाल झालेले.

"बघा, वाचा, वास घ्या," ते म्हणाले. "तीस वर्षं ओळखतात मला. आज चारचौघांत खुनी म्हणाल्या."

विष त्यांनी बंद डब्यांत ठेवलं होतं. डब्यांची भोकं एवढी बारीक, की मांजराचा पंजाही आत जाऊ नये. गुंडी आपल्याला आवडत नाही हे त्यांनी कबूल केलं, कारण दोनदा ती प्रयोग चालू असताना रंगमंचावरून चालत गेली होती आणि दोन्ही वेळा टाळ्या तिलाच पडल्या होत्या. मग त्यांनी एक मुद्द्याची गोष्ट सांगितली. शिवणघराच्या चाव्या दोनच. एक मावशींकडे, दुसरी मावशींच्याच भाचीकडे.

वहिनींनी पाकिटामागचा मजकूर डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाल्या, या विषानं रक्त पातळ होतं, लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि असे झटके येत नाहीत. हे नव्हे.

"म्हणजे भाची," भाऊजी जिन्यात कुजबुजले. "चावी तिच्याकडे, खायला घालणारी तीच."

"पाच मिनिटांपूर्वी तुम्ही व्यवस्थापकांना फासावर चढवलं होतं."

"पाच मिनिटांपूर्वी मला चावीचं कुठे माहीत होतं?"

भाची शिवणयंत्रापाशी बसली होती, पण यंत्र बंद होतं. तिशीची, रडून डोळे सुजलेले. कालचं खाणं तिनंच घातलं होतं. उकडलेले मासे, बिनमिठाचे, आणि त्यातलेच तिनं स्वतःही खाल्ले होते. मासे शिळे असतील का, या एकाच विचारानं ती सकाळपासून खचली होती. वाटी अजून कोपऱ्यात होती. निम्मे मासे तसेच पडलेले. वहिनींनी वाटी पिशवीत बांधून घेतली.

"ती झोपते कुठे?"

"टोपली आहे तिची चिंध्यांची. पण टेबलावर कापड पसरलेलं दिसलं की टोपलीला विचारतंय कोण. कापायला घेतलं की आधी हिला उचलावं लागतं."

वहिनींनी टोपली पाहिली. चिंध्या वरपर्यंत सपाट होत्या, कुठे खळगा नव्हता. कापणीचं लांबलचक टेबल मोकळं होतं.

"काल रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं?"

भाचीनं आठवून पाहिलं. काहीच नाही म्हणाली. मग या परिस्थितीतही तिला जरा हसू आलं.

"राजेसाहेब स्वतः कोट ठेवायला थांबले. म्हणजे आमचे मुख्य नट, राजाचं काम करतात म्हणून राजेसाहेब. एरवी कोट खुर्चीवर भिरकावून पसार. काल म्हणाले, तू जा, मी ठेवतो. चावीसुद्धा फाटकापर्यंत आणून दिली मला."

"कोट बघू."

पोशाखांच्या कपाटात तो मधोमध टांगलेला होता. जाड लोकरीचा, किरमिजी, आतून रेशमी अस्तर. भाची म्हणाली, नाटक चालू आहे तोवर पोशाख पाण्यात घालायचा नाही, उन्हातही टाकायचा नाही, हा मावशीचा नियम. नाहीतर यश धुऊन जातं. आतला सुती अंगरखा रोज धुतात, पण हा कोट आठ महिने पाण्याशिवाय आहे. राजेसाहेब सगळीकडे कुरकुरतात, फक्त मावशीसमोर नाही. मावशीसमोर तोंड उघडायची कुणाची छाती आहे?

वहिनींनी कोटाची एक बाजू उघडली. अस्तरावर पाठीच्या जागी पांढरे केस चिकटले होते. कोटाच्या बाहेरच्या अंगाला एकही नव्हता. त्या पुढे वाकल्या, वास घेतला आणि कपाटाचं दार रुमालानं लावलं. बोटांचे ठसे जपले असावेत, असा भाऊजींनी तर्क केला आणि वहीत लिहूनही टाकला.

बाहेर पडतात तोच डॉक्टरांचा फोन आला. झटके पुन्हा आले होते, पहिल्यापेक्षा जोरात. डॉक्टरांचा आवाज थकलेला होता.

"एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "जी गोष्ट पोटात गेली ती हळूहळू उतरायला हवी. हिचं वाढतंय. आणि औषधानं जरा सावरली की पहिलं काम म्हणजे पोट चाटत बसते. चाटते, आणि तासाभरात पुन्हा झटके."

बारा वाजून गेले होते. भाऊजींनी राजेसाहेबांच्या घराच्या दिशेनं एरवी कधी घेतला नसता एवढा वेग घेतला. एका हातानं ते सारखे हनुवटी चोळत होते.

"काय झालं?"

"चुरचुरतंय. दाढीचा साबण बदलला आज."

"साबण गालांना नाही लावत?"

"लावतो की. पण गालांना काही नाही." एवढं बोलून त्यांनी वळण घेतलं. वहिनींनी पुन्हा त्यांच्या हनुवटीकडे पाहिलं.

राजेसाहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला एका तळमजल्यावर राहत. दार उघडताच एक दांडगा तपकिरी कुत्रा भाऊजींच्या अंगावर आला आणि त्यामागून राजेसाहेब. घरातही गळ्याला रेशमी रुमाल गुंडाळलेला. गुंडीची बातमी ऐकून ते खाली बसले. ते बसणं खरं की नाटकातलं, हे भाऊजींना ठरवता येईना. म्हणून त्यांनी हाच तो, असं ठरवलं.

"तिला कुठेतरी सोडून या, असं मी म्हणालो होतो," राजेसाहेब म्हणाले. "तिचे केस उडाले की मला शिंका येतात, वाक्यं चुकतात. पण विष? मी तिला कधी खायला घातलेलं नाही. मी तिच्यापासून चार हात लांब असतो. विचारा कुणालाही."

"तुमच्या मानेला काय झालंय?"

त्यांनी रुमाल वर ओढला, पण लाल पुळ्यांची रांग दिसायची ती दिसलीच. वहिनींनी कुत्र्याला जवळ घेतलं. त्याच्या मानेवरचे केस तेलकट होते.

"गोचिडी होतात का याला?"

"व्हायच्या. आता औषध आहे. एकदा लावलं की जागच्या जागी मरतात."

"आणा बघू."

बाटली मोठी होती आणि तिच्यावर कुत्र्याचं हसरं चित्र होतं. परवाच आणलेली, पण निम्म्याहून जास्त रिकामी. कुत्र्याला किती लावता, असं वहिनींनी विचारलं. पंधरा थेंब, असं म्हणून राजेसाहेब कुत्र्याचा पट्टा सारखा करायला लागले. वहिनींनी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन फोन केला. कुत्रा भुंकत असल्यामुळे भाऊजींना काहीच ऐकू आलं नाही.

"चला," बाहेर येऊन त्या राजेसाहेबांना म्हणाल्या. "तुम्हीही."

दवाखान्यात मावशी होत्या, शेजारी भाची येऊन बसली होती. व्यवस्थापकही आले होते, पण ते आत न येता बाहेरच्या बाकावर टेकले होते. वहिनींनी त्यांना दारापर्यंत बोलावलं. आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता आणि डॉक्टर मदतनीस बाईला सूचना देत होत्या.

मावशी उठल्या. "कळलं? काय खाल्लं तिनं?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाल्या. "आपण सगळे सकाळपासून तिच्या तोंडाकडे बघत होतो. विष तिच्या अंगावर होतं. आत्ता तिला कोमट पाण्यानं, भांड्यांच्या साबणानं आंघोळ घालतायत. ते आधी करायचं होतं, म्हणून सांगायला उशीर केला."

भाऊजींनी वही उघडली, पाहिली आणि मिटली.

"वाटीत निम्मे मासे शिल्लक होते," वहिनी पुढे म्हणाल्या. "ओकारी नाही. कुलूपबंद खोलीत दुसरं खाण्यासारखं काही नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं की ती चाटते आणि पुन्हा झटके येतात. म्हणजे विष संपत नव्हतं, ती ते अंगावर घेऊन आली होती. मावशी, तुमच्या हातांना मुंग्या कशाच्या?"

"रागाच्या."

"भाऊजींना राग आला नव्हता. त्यांनी तिला हनुवटीखाली धरलं होतं, आणि त्यांची फक्त हनुवटी चुरचुरते. जिथे जिथे मांजर कातडीला लागलं, तिथेच त्रास होतोय. डॉक्टरांनी हातमोजे घातले होते, त्यांना काही झालं नाही. गोचिडांच्या एका औषधानं कातडी अशी चुरचुरते. मी दुकानात होते तेव्हा गिऱ्हाइकं तक्रार घेऊन यायची."

"पण तिच्या अंगावर ते आलं कुठून?" भाचीनं विचारलं.

"टोपलीत ती झोपली नव्हती. मग कुठे? तुम्हीच म्हणालात, टेबलावर कापड पसरलेलं असलं की तिथे. काल रात्री टेबलावर काय होतं? मावशी, सकाळी तुम्ही पसारा उचललात. कसला पसारा?"

मावशींनी गळ्यातली मोजपट्टी मुठीत धरली. "कोट," त्या हळूच म्हणाल्या. "राजाचा कोट. आतली बाजू वर करून पसरला होता. मला वाटलं, या भाचीचा आळशीपणा. मी टांगून टाकला."

"टांगलेल्या कोटाला मांजराचे केस लागले तर बाहेरच्या अंगाला लागतील. याच्या अस्तराला लागलेत. म्हणजे तो उलटा पसरलेला असताना ती त्यावर झोपली, रात्रभर. उलटा का पसरायचा? अस्तर ओलं होतं म्हणून. ओलं का, तर नियमामुळे धुता येत नव्हतं म्हणून. ज्याच्या मानेला चावे आहेत आणि ज्याच्या घरी कुत्र्याचं औषध आहे, असा माणूस एकच." वहिनींनी बाटली बाकावर ठेवली. "कुत्र्याला हे चालतं. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय."

राजेसाहेबांचा आवाज रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. आता तो जेमतेम निघाला.

"कोटात ढेकूण झालेत. महिना झाला. वाक्य म्हणताना मानेवर चालतात. पाण्यात मिसळून मी ते शिंपडलं, वाळायला पसरलं. सकाळी कुलूप निघाल्याबरोबर येऊन टांगणार होतो, जाग आली नाही. चित्रात कुत्रा होता, मला वाटलं जनावरांना चालत असेल. बातमी कळल्यापासून एकच ऐकतोय, काय खाल्लं, काय खाल्लं. मी काही खायला घातलं नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस ढेकूण झालेत म्हणून?" मावशींनी विचारलं.

राजेसाहेबांनी गळ्याचा रुमाल सोडून हातात घेतला.

"तुमची भीती वाटते, मावशी."

"भीती?"

"सगळ्यांनाच वाटते."

मावशींनी भाचीकडे पाहिलं. भाचीनं मान खाली घातली. दारातल्या व्यवस्थापकांनी दुसरीकडे बघितलं. तीस वर्षं आपल्याला मान आहे असं त्या समजत होत्या. त्या बाकावर बसल्या.

"आठ ते साडेनऊ," त्या म्हणाल्या. "दीड तास मी कुणी केलं, कुणी केलं म्हणून ओरडत फिरले. ती तेवढा वेळ चाटत होती."

वहिनींनी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही, कारण ते खरं होतं. त्यांनी फक्त मावशींना आतल्या मोरीत नेलं आणि त्यांचे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले.

दुपारी तीनला पुन्हा झटका आला, पण छोटा. संध्याकाळी आणखी एक. त्यानंतर आला नाही. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन दिवस लक्ष ठेवायचं, पण आता मला काय करायचं ते माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आणि भाऊजी दवाखान्यात गेले, तेव्हा गुंडी मावशींच्या मांडीवर होती. आंघोळीनं केस फुलून अंग दुप्पट दिसणारं, चाल अजून डगमगती. पण तिनं बशीतलं चमचाभर खाणं संपवलं होतं आणि आणखी मिळेल का म्हणून बोटं हुंगत होती. मावशी रडत होत्या आणि लपवत नव्हत्या.

राजेसाहेब सकाळपासून भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"हात धुतलेस?" मावशींनी विचारलं.

"तीनदा."

"बस इथे. धर तिला. अशी नाही, मागचे पाय सांभाळ."

राजेसाहेबांनी श्वास रोखून मांजरीला मांडीवर घेतलं. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर व्यवस्थापक कालच्यासारखेच बसले होते. हातात जेवणाचा डबा होता आणि आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"मला एका माणसाची माफी मागायचीय," मावशी म्हणाल्या. "तीस वर्षांत सवय नाही. वेळ लागेल."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. काचेतून त्या व्यवस्थापकांच्या शेजारी बसताना दिसल्या. भाऊजींनी ऐकू येतंय का म्हणून मान पुढे काढली, तेव्हा वहिनींनी त्यांना बाहीला धरून मागे ओढलं.